अर्ध्यावरचं निशाण

एस्किल स्काउ हा डेन्मार्कमधल्या आमच्या बेटावरचा निवृत्त पोस्टमन. अडतीस वर्षं त्यानं लोकांच्या बऱ्यावाईट बातम्या घरोघर पोचवल्या, पण स्वतःचं काही सांगायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. डाव्या डोळ्याच्या आत गाठ निघाली, किरणांचा उपचार झाला, तेव्हाही तो एवढंच म्हणाला, "डोळ्यात जरा काहीतरी गेलंय."

मग दर काही महिन्यांनी तपासणी सुरू झाली. गाठ आक्रसली तर डोळा राहणार, वाढली तर काढावा लागणार. मागच्या खेपेला ती पाच पॉइंट चार मिलिमीटर भरली होती. "कमी झाली तर अंगणात निशाण चढवीन, उगाच सांगत फिरणार नाही," असं त्यानं शेजारच्या वाल्बोरला बजावून ठेवलं होतं.

या वेळी डॉक्टरीणबाईंनी पापणीवर थंडगार जेल लावून मोजलं. चार पॉइंट एक! परतीच्या बोटीत एस्किल लाटा बघत बसला. रडली ती बायको, गुड्रून.

घरी येताच ती कॉफी टाकायला आत गेली, तो थेट निशाणाच्या खांबाकडे. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब दोन्ही डोळ्यांत, त्यात लख्ख ऊन. वर सगळं पांढरंफटक. पण वीस वेळा दोरी ओढली की निशाण टोकाला, हे त्याला पाठ होतं. अकराव्या ओढीला देवाचे आभार मानावेसे वाटले, आणि ते मानता मानता आकडा हुकला. झाले असतील वीस, असं धरून त्यानं दोरी पक्की बांधून टाकली.

दहा मिनिटांत वाल्बोर दारात हजर. डोक्याला काळा रुमाल, हातात केक. दार उघडलं काळा चष्मा लावलेल्या एस्किलनं. ती किंचाळलीच.

"अरे, तू गेलास ना?"

"मला कुणी काही बोललं नाही बुवा. डॉक्टरीणबाई तर सहा महिन्यांनी ये म्हणाल्या."

"मग निशाण अर्ध्यावर का, मेल्या?"

गुड्रून धावत बाहेर आली. वर बघून तिनं कपाळावर हात मारला. "देवाचे आभार खुर्चीत बसून मानायचे असतात!" म्हणत तिनं निशाण टोकापर्यंत चढवलं.

लगेच फोन वाजला. खाडीपलीकडे दुर्बीण लावून बसणारा थॉरवाल! आमच्याकडे माणसाला पुरेपर्यंत निशाण अर्ध्यावर, पुरून झालं की टोकाला.

"पुरलंत सुद्धा त्याला?" तो ओरडला. "अगं गुड्रून, मी अजून कोटाला इस्त्री करतोय!"

एस्किलनं फोन हिसकावून घेतला. "कर, कर. आणि तोच कोट घालून कॉफीला ये. केक आलाय. आणि ऐक, गाठ चार पॉइंट एक झाली. मागे पाच पॉइंट चार होती. लिहून घे!"