वरून आलेला नियम

एका मुलाची संघातली जागा मी काढून घेतली आणि त्याला सांगितलं, की ती वरून काढली गेली. नियम माझाच होता. तो कोणावर पडणार हे मला करतानाच माहीत होतं. पुढे बरीच वर्षं हे मी कोणाजवळ बोललो नाही, बायकोजवळसुद्धा नाही. म्हणून आधी एवढं लिहून टाकतो.

तेव्हा मी जव्हारला शाळेत नवा शिक्षक होतो. आमचं घर जामसरकडचं, भातशेतीवालं. घरात आधी वडील शिक्षक झाले, मग मी. नाशिकला शिकत असताना वसतिगृहातल्या मुलांबरोबर फुटबॉलचा नाद लागला होता. खेळायचो बेताचाच, पण नाद सुटला नाही. जव्हारला परतल्यावर संध्याकाळी करण्यासारखं काही नसायचं. एक चेंडू आणला आणि शिरपामाळच्या रस्त्याला लागून असलेल्या माळावर एकटाच खेळायला जाऊ लागलो. एकटा फार दिवस राहिलो नाही. कचेऱ्यांतल्या कारकुनांची मुलं आली, शिक्षकांची आली, आणि घाट चढून पाड्यांवरचीही आली. गावातल्यांच्या पायात बूट असायचे. पाड्यावरची अनवाणी खेळायची आणि बुटवाल्यांना दमवायची.

क्लब काढायचं ठरलं, तेव्हा मी जरा ऐटीत म्हणालो, की आपला उद्देश काय आणि आपण कशाला धरून चालणार, हे आधी ठरवू. सगळ्यांना गोल बसवलं. खिलाडूवृत्ती, शिस्त, संघभावना, असे माझ्याजवळ होते नव्हते ते शब्द काढून झाले. मुलं गवत उपटत ऐकत होती. मग एक जण हळूच म्हणाला, की गोलकीपरला शिव्या द्यायच्या नाहीत. त्यावर गोलकीपरच म्हणाला, "मंग हरल्यावर कोणाला देशील? सरांना?" सगळे हसले आणि मग बोलायला लागले. चेंडू फाटला तर ज्याच्या लाथेनं फाटला त्याला बोल लावायचा नाही. हरलेल्यांनी घरी जाताना जिंकलेल्यांच्या पुढे चालायचं, मागे नाही. लहान मुलगा आला तरी त्याला परत पाठवायचं नाही, कुठंतरी उभा करायचा.

त्यांच्यात घाटाखालच्या पाड्यावरचा एक मुलगा होता. तेरा-चौदा वर्षांचा असेल. चेंडू त्याच्या पायाशी आला की घाई नाहीशी व्हायची, जणू पुढचा सगळा वेळ त्याचाच आहे. तो शेवटी बोलला.

"जो जगायला जाईल, त्याची जागा ठेवायची."

आमच्याकडे कामासाठी घर सोडून खाली जाण्याला जगायला जाणं म्हणतात. भाताची कापणी झाली, दिवाळी झाली, की मोखाड्याच्या बाजूचे पाडेच्या पाडे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि शिमग्याला परततात. घराच्या दाराला काटी आडवी लावलेली दिसली आणि विचारलं, तर शेजारी एवढंच सांगतो, जगायला गेले. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होतो. इतका, की त्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोचेनासा झाला होता.

गावातल्या एकानं विचारलं, की इतके महिने जागा ठेवायची म्हणजे आम्ही काय एक गडी कमी घेऊन खेळायचं? त्यावर तो म्हणाला, की दुसरा खेळेल, पण तो परत आला की दुसऱ्यानं उठायचं. एसटीत सीटवर रुमाल टाकतात, तसं. पुन्हा हशा झाला. पण ठरलं. त्या संध्याकाळी ठरलेल्या गोष्टींपैकी ही एकच खरोखर आमची होती, बाकीचं कुठल्याही क्लबात सापडलं असतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर मुलं एकेक करून मला सांगायला यायची. दारात उभं राहून, आत न येता. "सर, उद्या जातो." एवढंच. मी म्हणायचो, ये लवकर. शिमग्याला ती परतायची, हातापायांना भट्टीची लाल माती बसलेली असायची, आणि त्यांच्या जागी खेळणारा मुलगा न सांगता बाजूला व्हायचा. कोणाला वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. एवढी एक चांगली गोष्ट माझ्या हातून झाली, असं म्हणता आलं असतं.

दुसऱ्या वर्षी ठाण्याहून एक संघ आमच्याशी खेळायला येणार असं ठरलं. शिमग्याच्या थोडं आधी. प्रमुख पाहुणे म्हणून एक मोठे अधिकारी यायचे होते. तोवर आमचे गोलपोस्ट म्हणजे दोन-दोन दगड. कचेरीतल्या एका कारकुनांनी खटपट करून लोखंडी खांब मिळवून दिले, रंगवूनही दिले. त्यांचा मुलगा आमच्यात होता. पाड्यावरचा तो मुलगा जगायला गेल्यावर त्याच्या जागी हाच खेळत होता. वाईट नव्हता. रोज वेळेवर यायचा, बूट पुसून यायचा. कारकून मला बाजारात भेटले की सामन्याची चौकशी करायचे. मुलाविषयी त्यांनी कधी शब्द काढला नाही. काढला असता तर बहुतेक मी नाही म्हटलं असतं.

सामन्याच्या पंधरवडाभर आधी मी मुलांना सांगितलं, की ज्यांनी गेले दोन महिने सराव केला तेच खेळतील. कारण शिस्तीचं दिलं, आणि बोलताना मला ते पटतही होतं. मोठ्या माणसांपुढे आपला संघ नीट बसवलेला दिसावा, हेही मनात होतं. गोलकीपर म्हणाला, "पण सर, जागा ठेवायचं ठरलं होतं." मी त्याला म्हणालो, ती आपसातली गोष्ट होती, हा सामना आहे. माझ्या नियमात बसतील अशी मुलं कोणाची, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. ज्यांच्या बापांना महिन्याच्या महिन्याला पगार होता, त्यांची.

सामन्याच्या सकाळी माळावर चुना टाकत होतो, तर तो मुलगा समोर उभा. बरोबर त्याचे वडील. सामना ठरल्याचं कानावर आलं म्हणून भट्टीवरून निघून, मिळेल त्या गाडीनं आणि बाकीचं पायी, असे दोघं आले होते. वडिलांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता, घड्या मोडल्या नव्हत्या. बहुधा वाटेत कुठंतरी बदलला असावा. मुलाचा खेळ त्यांनी कधी पाहिला नव्हता. मुलगा हसत होता. त्याचं ते हसणं मला अजून पुसता आलेलं नाही.

त्याला बाजूला घेऊन खरं सांगता आलं असतं. मी नियम केला, तो चुकला, तू खेळ, असंही म्हणता आलं असतं. कारकुनांच्या मुलाला बसवता आलं असतं. तो बसलाही असता. पण कारकून तेव्हाच पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडत होते, आणि आमच्या गावात अशा वेळी कामाला येणारा एक शब्द आहे. ज्या गावात कचेऱ्या जास्त आणि लोक रांगेत उभे, तिथं तो सगळ्यांना पाठ असतो. दाखला का मिळाला नाही, बियाणं का आलं नाही, रस्ता अर्ध्यावर का थांबला, सगळ्याला तो चालतो. माझे वडील त्या शब्दावर चिडायचे. मी तो वापरला.

म्हणालो, "अरे, वरून नियम आलाय. दोन महिने सराव पाहिजे. माझ्या हातात काही राहिलं नाही."

मुलाचं हसू जागच्या जागी राहिलं, ते विझलं नाही, नुसतं त्यातलं काहीतरी निघून गेलं. त्यानं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी मान हलवली. त्यांना हे नवीन नव्हतं. त्यांच्या सगळ्या आयुष्यात नियम वरूनच आले होते.

"वरून आला म्हंजे आला," ते मुलाला म्हणाले. "गुरजी काय करतील? त्यांनी तुझी जागा ठेवलीच होती ना." मग माझ्याकडे वळून, मलाच धीर देत, "तुमी मनाला नका लावून घेऊ, गुरजी."

दोघं परत गेले नाहीत. माळाच्या कडेला बसून त्यांनी सबंध सामना पाहिला. वडिलांना खेळ कळत नव्हता. आपला गोल कुठला आणि ठाणेवाल्यांचा कुठला, हे न बघता चेंडू खांबांमधून गेला की ते टाळ्या वाजवायचे. मुलगा त्यांना काहीतरी समजावत होता. सामना आम्ही जिंकलो. फोटो निघाला. कारकुनांनी पेढे वाटले. त्या दोघांना पेढा देताना मी दुसऱ्या कोणाच्या तरी हातून दिला.

ते शिमग्यापर्यंत थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा भट्टीवर गेले.

पुढच्या दिवाळीनंतर माझ्या दारात कोणी आलं नाही. मुलं गेली, पण सांगून गेली नाहीत. शिमग्यानंतर त्यातली दोन-चार माळावर दिसली, कडेला उभी राहून निघून गेली. तो मुलगा आलाच नाही. क्लब आणखी काही वर्षं चालला, म्हणजे गावातल्या मुलांचा चालला. सगळ्यांना बूट होते, खेळ बरा होता आणि कोणाची जागा ठेवायची वेळ कधी आली नाही. मग मुलं कॉलेजला बाहेर गेली, खांब गंजले आणि ते मोडून कोणी नेले, हे मला माहीत नाही.

तो मुलगा मोठा होऊन जव्हार–मोखाडा रस्त्यावर जीप चालवायला लागला. मला ओळखायचा. मी हात केला की थांबायचा, पुढच्या सीटवरच्याला मागे सरकवायचा आणि म्हणायचा, "बसा, सर." वाटेत पावसाचं, रस्त्याचं, माझ्या बदलीचं बोलायचा, पण फुटबॉलचं कधीच नाही. कितीतरी वेळा मी ठरवून बसलो, की आज सांगायचं. मागे बायका असायच्या, कोंबड्या असायच्या, कोणाचं पोर रडत असायचं, आणि मला ते कारण पुरायचं. मग मी त्याची जीप सोडून एसटीनं जायला लागलो.

एका पावसाळ्यात कळलं, की त्याचे वडील गेले. दिवस होऊन गेले होते. मी पाड्यावर गेलो. त्यानं ओट्यावर घोंगडी टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मग तो वडिलांविषयी सांगायला लागला. शेवटच्या आजारात बडबडायचे, भट्टीवरच्या मुकादमाला हाका मारायचे. आणि माझं नाव काढायचे.

"तुमचं सांगायचे सगळ्यांना," तो म्हणाला. "का त्या गुरजींनी माझ्या पोराची जागा ठेवली होती. आपल्या माणसाची जागा कोण ठेवतंय, म्हणायचे. वरच्यांनी काढली, पण गुरजींनी ठेवली होती."

चहा आला होता. मला तो घेता येईना. मी म्हणालो, "वरून काही आलं नव्हतं. नियम मी केला होता."

तो ओट्याच्या कडेला चिखल खरवडत होता. "माहीत होता मला," तो म्हणाला. "पोरांनी त्याच दिवशी सांगितला. सामना चालू होता तेव्हाच."

मी विचारलं, मग वडिलांना का नाही सांगितलं?

"कशाला सांगू? बाबा टाळ्या वाजवत होता." हाताचा चिखल झटकून तो म्हणाला, "मंग पुढं काय सांगायचा राहिला नाय. त्याला बरा वाटायचा ते बोलून."

म्हणजे इतकी वर्षं माझं खोटं त्यानं सांभाळलं होतं. बापासमोर, बापाला दुखू नये म्हणून, आणि माझ्यासमोरही. मला पुढच्या सीटवर बसवताना त्याला सगळं ठाऊक असायचं. मी घरून जे वाक्य जुळवून आणलं होतं, त्यात नियमाची माफी होती, सामन्याची माफी होती. ते आता अपुरं होतं.

मी उठलो नाही, त्याच्या पायाला हात लावावा असं वाटलं तेही केलं नाही, कारण त्यालाच ते अवघड झालं असतं. घोंगडीवर बसूनच म्हणालो, "तुझी जागा मी काढली, आणि खरं सांगायची हिंमत झाली नाही म्हणून तुझ्या बापाशी खोटं बोललो. ते खोटं तुला त्यांच्यापुढे शेवटपर्यंत खरं करावं लागलं. तेव्हा तू पोरगा होतास. माझं चुकलं. त्यांची माफी मागायची राहून गेली, तुझी मागतो. मला माफ कर."