तोंग मावशीची शिकवणी

तोंग मावशी माझ्याहून लहान, तरी मीही तिला मावशीच म्हणतो. शेनयांगच्या आमच्या जुन्या कारखाना-वसाहतीत तिला दुसरं नावच उरलेलं नाही. वसाहत समितीने तिला आमच्या जिन्याची, म्हणजे या एका जिन्यावरच्या सगळ्या घरांची, प्रमुख नेमलं, तेही बिनपगारी, आणि तेव्हापासून कोणाचा नळ गळतो नि कोणाची सून रुसली, यातलं काही तिच्या नजरेतून सुटत नाही. मी लेथवर आणि ती क्रेनवर, असं आम्ही एकाच कारखान्यात आयुष्य काढलं. वरून ओरडायची सवय तिला तिथेच लागली.

जवळच्या विद्यापीठामुळे आमच्याकडे परदेशी भाडेकरू येऊ लागले, तसा मावशीला चेव चढला. माणूस बॅगा घेऊन जिन्यात शिरला रे शिरला की हिची शिकवणी सुरू. "सामान मागाहून लाव, आधी पोलीस चौकीत नाव नोंदव. नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नकोस. गॅसचं कार्ड संपायच्या आत भर, संपल्यावर कच्चा भात घेऊन माझ्या दारात येऊ नकोस. शेजाऱ्याने काही दिलं तर वाडगा रिकामा परत करायचा नाही." समोरच्याला चिनी येतं का, हे ती विचारत नाही. आवाज वाढवला की कळतं, असं तिचं पक्कं मत. आणि गंमत म्हणजे कळतंही.

माझ्या डोक्यावरच्या घरात पेरू देशाची येसेनिया आली. विद्यापीठात स्पॅनिश शिकवायची. एवढं लांब नाव कोण घेणार? मावशीने तिची 'श्याओ ये', म्हणजे धाकटी ये, करून टाकली. पोरगी मोठी चिकाटीची. बाजारात भाव ऐकून पाठ कशी फिरवायची ते शिकली, आमचा शेनयांगी हेलही उचलला. चिनी वाचता मात्र येत नव्हतं.

आमच्या दारांवर रोज कागद चिकटतात. कुलूपवाले, तुंबलेली मोरी साफ करणारे, जुने फ्रिज घेणारे. मावशीने तिला बजावलं, "सगळे भामटे! कागद दिसला की फाड आणि टाक." श्याओ येने मन लावून फाडले.

आमच्याकडे थंडी सुरू व्हायच्या आधी घरं गरम ठेवणाऱ्या नळ्यांत पाणी सोडून बघतात. कुठे गळलं तर झडप बंद करायला घरात माणूस लागतो. कोणत्या दिवशी थांबायचं, त्याची सूचना दारावर चिकटवतात. एरवी मावशी जिनाभर ओरडत फिरते, पण यंदा नेमकी ती बहिणीकडे फुशुनला गेली होती. श्याओ ये खुशाल शिकवायला गेली. तिच्या घरातली एक झडप उघडी होती.

मी नुकताच आंबवायला घातलेला कोबी. मोठा रांजण, त्यावर नदीवरून निवडून आणलेला दगड. आणि छतातून गंजलेलं काळं पाणी थेट त्या रांजणात! मी वर धावलो, दार बडवलं, शेवटी जिन्यातली मुख्य झडप बंद केली. रांजणातला सगळा कोबी वाया गेला. मी सरळ तिच्या घरमालकाला, जिनला, फोन लावला. का लावू नये?

संध्याकाळी सगळे माझ्या ओल्या घरात जमले. श्याओ ये फडकं घेऊन गुडघ्यांवर बसली होती, रडवेली.

"काका, चुकलं माझं," ती म्हणाली.

"असू दे, असू दे," मी दातओठ खात म्हणालो. आमच्यात असंच म्हणायचं असतं.

ती उठून माझ्यासमोर उभी राहिली. "तुमचं 'असू दे' म्हणजे 'असू दे' नसतं, मावशीने सांगितलंय मला. खरं बोला."

मग मी बोललो. पार कारखान्याच्या भाषेत बोललो. पोरीने मान खाली घातली नाही, एकेक शब्द ऐकून घेतला. माझा दम संपला तेव्हा जिन म्हणाला, "झालं ना? मुली, महिनाअखेरीस घर रिकामं कर. सूचना न वाचणारा भाडेकरू मला परवडायचा नाही."

श्याओ येचा चेहरा पांढराफटक पडला. हिवाळा तोंडावर, सत्र अर्ध्यावर, परक्या शहरात ती दुसरं घर कुठे शोधणार?

तेवढ्यात फुशुनहून परतलेली तोंग मावशी पिशवीसकट आत आली. जिन्यातच तिने सगळं ऐकलं होतं.

"कागद फाडायला मी सांगितलं होतं," ती म्हणाली. क्रेनवरून ओरडणारी बाई, पण त्या दिवशी आवाज चढला नाही. "सगळ्यांसमोर सांगते, जिन, चूक माझी आहे."

"मग तर झालंच," जिन म्हणाला. "शिकवणारीच अशी, तर हिची हमी कोण घेणार?"

"मीच घेणार! चुकीचं मी शिकवलं, आता बरोबरही मीच शिकवणार. उद्यापासून रोज माझ्याकडे बसून ही अक्षरं गिरवेल. हिला काढायचं तर आधी मला जिन्यावरून काढा."

"मी गिरवीन," श्याओ ये म्हणाली. "आणि घर सोडणार नाही." हेल असा अस्सल शेनयांगी की जिन क्षणभर दचकलाच.

त्याने माझ्याकडे बघितलं. "लाओ गुआन, नुकसान तुझं झालंय. तूच सांग."

मला राग होता. अजूनही होता. पण जिनने आमच्या मावशीला घालूनपाडून बोलावं, हे मला त्याहून झोंबलं. "माझा कोबी भरून दिल्याशिवाय ही कुठेही जाणार नाही," मी म्हणालो. "आणि भरून दिल्यावरही नाही. तू जा घरी."

सकाळी मावशीने आम्हा दोघांना बाजारात नेलं. श्याओ ये प्रत्येक पाटीपुढे थांबून अक्षरं लावत होती, मावशी मागून ओरडून सुधारत होती. मी कोबीचे गड्डे दाबून बघत होतो. कोबीवाल्याने मान वर करून मला विचारलं, "काय आजोबा, ही परदेशी बाई तुमच्याकडे पाहुणी आलीय?"

"पाहुणी कसली!" मी म्हणालो. "आमच्या जिन्यातली आहे ती."