खरवसाचा डबा

कॉव्हेंट्रीजवळ मी डॉक्टरीणबाईंकडे स्वयंपाकाला आहे. शेजारच्या फार्मवरचा गोरा गुराखी गाय व्यायली की डब्यातून चीक आणून द्यायचा. कुणाचा डबा रिकामा परत करू नये, म्हणून मी त्यात खरवस घालून द्यायचे. त्याला वाटलं, माझं त्याच्यावर मन बसलंय. परवा त्याने मला लग्नाचं विचारलं. मी घाबरून आत पळाले.

मला इंग्रजी कळतं, पण इतकं बोलता येत नाही, म्हणून बाईंनीच त्याला आमची रीत समजावली. त्याचं मन दुखावलं असेल, या काळजीने मी दाराआडून ऐकत होते. त्याचे कान लाल झाले.

"मिळेल रे तुला चांगली," बाई म्हणाल्या.

"मिळेलच. फक्त पळणारी नको. दिवसभर गाईंमागे पळतोच मी."

मला इतकं हलकं वाटलं, की दाराआडून बाहेर येऊन मीही हसले.