नॉर्मल रिपोर्टचे पेढे

माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले त्या दिवशी नवऱ्यानं पेढे आणले. वर्षभर मान, पाठ, मांड्या आळीपाळीनं दुखत होत्या, कधी सगळं एकदमच. कणीक मळतानाही रडू यायचं. एखादा तरी रिपोर्ट बिघडलेला निघावा, असं मला मनापासून वाटत होतं. पेढा तोंडात धरूनच मी रडले. घरच्यांना ते आनंदाश्रू वाटले.

पुढे यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी दुखण्याला नाव दिलं, फायब्रोमायल्जिया. आमच्या ढाणकी गावात ते कुणाला उच्चारता येईना, मग त्यावर विश्वास कोण ठेवणार? नवऱ्याचं एकच पालुपद, "रिपोर्ट तं नॉर्मल आहे ना?" उपचार काय, तर रोज चालायचं, हळूहळू वाढवायचं, आणि आठवड्यातून एकदा फोनवर समुपदेशक बाईंशी बोलायचं.

बोलणं जमलं, चालणं जमेना. आमच्याकडे बाई रिकाम्या हातानं रस्त्याला लागली की लोकांची माणुसकी उतू जाते. "पैदल काहून चालल्या वहिनी? बसा, सोडून देतो." नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. त्यामुळे व्यायामाला म्हणून निघायचे आणि कुणाच्या तरी गाडीवर बसून परत यायचे.

हे फोनवर सांगितलं तेव्हा समुपदेशक बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सरळ सांगा, दुखतं म्हणून चालते. अर्धा व्यायाम तोच आहे."

मी सांगू लागले. लोक म्हणत, "दुखते तं बसा ना मंग!"

शेवटी गावात बोलणं सुरू झालं की आमचं भांडण झालंय. अब्रू वाचवायला नवरा मोटरसायकल घेऊन माझ्या मागे येऊ लागला, पहिल्या गिअरमध्ये. एका संध्याकाळी वैतागून म्हणाला, "बस ना आता. काहून तमाशा करून राह्यली?"

मी थांबले. फोनवर घोटून घेतलेली वाक्यं ऐनवेळी आठवेनात. जे आलं ते बोलले. "तुम्ही पेढे आणले ना, तवाच मले वाटलं, आता मी मेली तरी तुमाले समजणार नाही."

तो गाडी बंद करून उतरला आणि ढकलत माझ्या बाजूनं चालू लागला. थोड्या वेळानं ओळखीचा एक जण थांबलाच. "काय भाऊ, पेट्रोल संपलं काय?"

"नाही," नवरा म्हणाला. "हिचं अंग दुखते. लय दुखते. म्हणून चालून राह्यलो."

परतताना मी त्याला हलवायाच्या दुकानापाशी थांबवलं. या खेपेला पेढे मी घेतले.