भिंतीपलीकडच्या पिसवा

विमलताईंच्या मांजरीला पिसवा झाल्या, हे आर्णीतल्या आमच्या साऱ्या गल्लीला माहीत होतं. ताईंकडे सांगायला दुसरं काही नव्हतंच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा बंटी पुण्याला. रविवारी फोन करतो, तोही बॅटरी संपत आल्यासारखा. राहिली ती मांजर, ठकी. ती अंथरुणात पायथ्याशी निजली, की घरात कोणीतरी आहे असं ताईंना वाटायचं. पिसवांनी ताईंचे पाय फोडून काढले तेव्हा बंटीनं फोनवरच निकाल दिला, "सोडून दे तिले कुठंतरी." त्या दिवशी ताई जेवल्या नाहीत.

मग उपाय सुरू झाले. कडुनिंबाचा पाला ठेचून उकळायचा, पाणी गार झालं की फडक्यानं ठकीला पुसायचं. बारीक फणीनं मानेपासून शेपटीपर्यंत विंचरायचं आणि निघालेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवायची. फरशीच्या फटींत मीठ टाकून झाडून काढायचं, गोधड्या उन्हात घालायच्या. चार दिवस बरे जायचे, की पिसवा परत हजर. ताई कडुनिंबाला बोल लावायच्या.

एका दुपारी ठकी भिंतीवरून उतरून आली, तर तिच्या अंगाला कडुनिंबाचा वास. ताईंनी तर तिला आठवडाभर पुसलं नव्हतं. आणि भिंतीपलीकडे घर एकच, मंजुषाचं.

मंजुषा ही ताईंची धाकटी जाऊ. वाटणीत पाटा ताईंकडे आला, वरवंटा मंजुषाकडे गेला, आणि दोघींनीही आपापलं सोडलं नाही. तेव्हापासून बोलणं बंद. दीर वारला तेव्हा ताई जाऊन बसल्या, डोळे पुसले आणि एक शब्द न बोलता परत आल्या. घरची माणसं भांडली की गल्लीची करमणूक होते. आमचीही झाली. पुढे आम्ही विसरलो, भिंत मात्र राहिली.

म्हणजे ठकीची घरं दोन होती. इकडे औषध झालं की ती तिकडच्या पिसवा आणायची, तिकडे झालं की इकडच्या न्यायची. ताईंना आधी रागच आला. मग वाटलं, मंजुषाच्याही पायथ्याशी कोणी लागत असेल.

दुसऱ्या सकाळी त्या भिंतीशी उभ्या राहिल्या. "मंजुषा, दोन्ही घरचं एकाच दिवशी केलं तरच जाईन हे."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मग उत्तर आलं, "गोधड्या आताच काढतो. पण बाई, पाटा देता का? पाला नीट वाटल्या जात नाही."

"वरवंटा घेऊन इकडंच ये."

तो आठवडाभर भिंतीवर दोन्ही घरच्या गोधड्या वाळल्या. एक ठकीला धरायची, दुसरी विंचरायची. ठकी दोघींवर सारखीच चिडायची. बोलणं फक्त पिसवांचं. बाकीचं बोलायचा दोघींनाही धीर होत नव्हता. हळूहळू पिसवा संपल्या. मंजुषा वरवंटा उचलून घरी गेली, आणि दोन दिवस भिंतीपलीकडून हाक आली नाही. ताईंना घर खायला उठलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ठकीला मांडीवर घेऊन विंचरलं. फणी स्वच्छ निघाली. पुन्हा विंचरलं, पुन्हा स्वच्छ. मग त्या भिंतीशी गेल्या.

"मंजुषा, अजून आहेत वं पिसवा."

"हो ना बाई, मलेही दिसल्या," पलीकडून लगेच उत्तर आलं. "थांबा, वरवंटा घेऊन येतो."