बुजगावण्याला राम राम

आमच्या घरचे किस्से म्हणजे कडब्याची गंज हाय. एक पेंढी ओढायला जावं तर सगळी गंज अंगावर! त्यात औंदा आमच्या पेडगावात शेती शिकायला अमेरिकेची पोरं आली, अन् त्यातली हॅना आमच्याच घरी राहिली. मग तर इचारूच नका. लोक मला बोलवून चहा पाजतात अन् म्हणतात, "विक्या, हॅनाचं सांग." चहा फुकट असला की मला लय आठवतंय.

पहिले तिचा कोर्स सांगतो. वर्गात बसायचं न्हाई. परक्या मुलखात जाऊन लोकांच्या कामाला हात लावायचा अन् त्यातनंच शिकायचं. इषय काय, तर बिनाऔषधाची शेती अन् अन्नाचा न्याय. म्हणजे अन्न सगळ्यांच्या ताटात पोचतंय का, ते बघायचं. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तिला इहिरीजवळचा तुकडा दिला. तिथं तिनं ज्वारी पेरायची. हुरड्याच्या टायमाला तिच्या मॅडम येणार अन् आबांना एकच गोष्ट इचारणार, की पोरीचं काम तुमच्या उपयोगाला आलं का? आबा हो म्हणले तर हॅना पास. न्हाई तर सगळी मेहनत मातीत.

लोचा हितंच हाय. आबांनी जन्मात कुणाला चांगलं म्हणलेलं न्हाई! आईनं पुरणपोळी वाढली तर म्हणतात, "गरम हाय."

हॅनानं आल्या आल्या इचारलं, "आबा, मी पास होणार?"

"बघू."

*

गावात कोण उपाशी राहतंय, ते घरोघरी इचारून यायचं काम तिला होतं. संगं मला घेतलं. माझं इंग्रजी मोबाईलवरचं. दहावीच्या पेपरात ते कुणी इचारलंच न्हाई, म्हणून मी उडालो.

ऐन जेवणाच्या टायमाला हॅना पहिल्या दारात उभी राहिली अन् पुस्तकी मराठीत म्हणली, "तुम्ही जेवलात का?"

आता दारात आलेल्या पाहुणीनं असं इचारल्यावर माणूस काय करंल? ताट वाढंल! तिथं धपाटे झाले. शेजारी पिठलं. त्याच्या पुढच्या घरी नको म्हणली, तर काकू फुगल्या. "त्यांच्याकडं बरं गोड लागलं!" मग तिथं पण बसली. कागद कोरा अन् पोट फुल्ल!

शेवटचं घर शेवंताआजीचं. म्हातारी एकटीच राहती. टोपल्यात एक भाकर होती. तिनं ती मोडून आमच्यापुढं ठेवली.

"आजी, मग तू काय खाणार?" हॅना म्हणली.

"आधी खा, मग इचार."

दुसऱ्या दिवशीपास्नं हॅना आमच्या घरचा डबा घेऊन आजीकडं जेवायला जायला लागली. दोघी एकाच ताटात. मी मोका बघून आबांना इचारलं, "पोरगी चांगली हाय की न्हाई?"

आबा म्हणले, "डबा आपला हाय."

*

तिच्या ज्वारीला जीवामृत, म्हणजे घरी कालवलेलं पातळ खत, घालायचं होतं. शेण, गूळ, बेसन हे सगळं घरात होतं. राहिलं गोमूत्र. हॅना सकाळी सकाळी बादली घेऊन ढवळ्या गायीच्या मागं उभी. पण गाय पण आमच्याच घरची, आबांच्या वळणाची. काय देईना!

मी गंभीर तोंड करून म्हणलो, "गाणं म्हणावं लागतंय. तिला लाज वाटायलीय."

हॅनानं डोळे मिटले अन् तिच्या देशाचं गाणं सुरू केलं. मी कुडाच्या मागं तोंडात गमछा कोंबून हसायलो, अन् तेवढ्यात बादलीत धार वाजली! माझं हसूच बंद!

तवापास्नं आई रोज हाक मारती, "हॅना, ये गं, गाय खोळंबली." शेजारच्या काकू तर म्हैसच घेऊन दारात आल्या. "आमची धार सोडंना. हिला पण एखादं ऐकव गं माय!"

आबा बाजेवर बसून सगळं ऐकत होते. म्हणले, "आवाज बसलाय."

*

कणसं भरायला लागली तसं आमी बुजगावणं केलं. इहिरीजवळच्या मुरमाच्या ढिगावर काठ्या रोवल्या, वर मडकं बसवलं, आबांचा जुना सदरा घातला, डोक्यावर त्यांचीच जुनी टोपी. लांबनं बघितलं तर हुबेहूब आबा!

मला कुठं गप बसवतंय? मी हॅनाला म्हणलो, "रानात शिरताना ह्याला राम राम घालायचा. रीतच हाय आपली. न्हाई तर पाखरं ऐकत न्हाईत."

झालं! ती रोज हात जोडून, मान लववून, "राम राम!" खुरपायला आलेल्या बाया आधी खुदुखुदु हसल्या, मग त्या पण घालायला लागल्या. एक म्हणली, "हे आबा बरे बाई, चूक तर काढत न्हाईत!"

अन् खरे आबा बांधावर उभे! मी जे पळालो ते थेट गावात.

जेवताना आबांनी मला गाठलंच. "ती त्या काठीला राम राम घालती?"

"हो."

"रोज?"

"रोज."

आबांनी भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला. "मला तर घरात कुणी घालत न्हाई."

*

मॅडम यायच्या आदल्या सांजेला रोह्यांनी, म्हणजे रानातल्या नीलगायींनी, घात केला. बुजगावणं तुडवून टाकलं. मडकं फुटलं, सदऱ्याच्या चिंध्या झाल्या. हुरडा ऐन भरात अन् वर पाखरांचे थवे! सकाळी हॅना मॅडमला आणायला परभणीला गेलेली. अन् घरात आबाच न्हाईत!

"उजाडायच्या आधीच कुठं गेलेत कुणास ठाऊक," आई म्हणली.

मी पार देवळापास्नं फाट्यापर्यंत हुडकलं. मनात म्हणलो, म्हातारा मुद्दाम निसटला. चांगलं म्हणायची पाळी आली, अन् पळाला!

गाडी आली. मी हॅनाच्या कानात सांगितलं, "आबा सापडंनात." तिचं तोंड पांढरंफटक. म्हणली, "चल, निदान ज्वारी तरी दाखवू."

बांधावर आलो तर ढिगावर बुजगावणं उभं. तसाच सदरा, तशीच टोपी, हात पसरलेले. मला वाटलं, आईनं दुसरं केलं. मॅडमला हॅनानं वाटंतच रीत शिकवलेली. त्यांनी पुढं होऊन हात जोडले.

"राम राम!"

"राम राम," बुजगावणं म्हणलं.

मॅडम अशा किंचाळल्या की बांधावरच बसल्या! अन् ज्वारीतली सगळी पाखरं भुर्रकन वर!

"असंच वरडा बाई!" आबा म्हणले. "बघा कशी उठली!"

मॅडमला पाणी पाजलं. जरा दम खाऊन त्यांनी मला इंग्रजीतनं सांगितलं, ह्यांना इचार, पोरीचं काम ह्यांच्या उपयोगाला आलं का? मी इचारलं. 

आबांनी हात खाली घेतले न्हाईत. "उजाडल्यापास्नं मी कुणाच्या ज्वारीत हात पसरून उभा हाय? बाईला दिसंना का?"

येवढं इंग्रजी माझ्याकडं न्हवतं. मी म्हणलो, "गुड."

"मी येवढं बोललो," आबा माझ्यावर खेकसले, "अन् तू एका शब्दात उरकलंस?"

पण हॅनाला मराठी कळत होती. ती ढिगाजवळ गेली, हात जोडले, मान लववली.

"राम राम, आबा."

तवा कुठं आबांनी हात खाली घेतले.

"राम राम. आता तू उभी राहा. माझा चहा राहिलाय."