बंड्यासाठी आधीच कुणीतरी विचारून ठेवलं होतं

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी चहा पिता पिता करमणूक म्हणून वाचत आलेय. पिंपळ, पैंजण, मागून येणारी हाक... वाचायचं, हसायचं आणि कपबशी विसळायला उठायचं. मी बँकेत आहे. कागद दाखवल्याशिवाय कुणावर विश्वास ठेवायची सवय नाही मला. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय, पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याचे, सध्या लखनौला, इंदिरा नगरात. मी, नवरा सुहास, दहावीतली तन्वी आणि बंड्या. बंड्या म्हणजे आमचा कुत्रा. गावठी, तांबूस, डावा कान अर्धा तुटलेला. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, त्याला पिल्लू असताना आलमबागच्या बस स्टँडवरून पिशवीत घालून आणला होता. कुत्रा त्यांचा. आमच्याकडे तो नुसता राहायचा.

गेल्या वर्षी श्रावणात आप्पा गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. आणि बंड्याने खाणंच सोडलं. थोडं दूध चाटायचा, कधीतरी अर्धं बिस्किट, बस्स. दहीभात, अंडं, चिकनचं पाणी, काय म्हणून करायचं ठेवलं नाही मी. हाताने भरवलं, ओरडले, एकदा तर त्याच्यापुढे बसून रडलेसुद्धा. तो वाडग्याकडे बघायचा, मग जमिनीकडे बघायचा, आणि तोंड फिरवायचा. नवरात्रापर्यंत बरगड्या मोजता यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "मैडम, बीमारी तो कोई है नहीं. ड्रिप पे कितने दिन खींचेंगे? जगह बदलकर देख लीजिए, वरना दिवाली नहीं देखेगा."

आप्पांना जाऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून घरी दसरा नव्हताच. सुहास म्हणाला, नेपाळला जाऊ. आपल्या गाडीने जाता येतं, बंड्याच्या लसीचे कागद सोबत घेतले की झालं. मी जागा शोधायला बसले. हॉटेल नको, गर्दी नको, तंबू असावेत, आणि कुत्र्याला खरंच येऊ देणारे असावेत. जाहिरातीत सगळेच डॉग फ्रेंडली हो! फोन केला की एक म्हणे बांधून ठेवावा लागेल, दुसरा म्हणे छोटा कुत्ता चलेगा, तिसऱ्याकडे रोज संध्याकाळी डीजे.

चौथी जागा पोखऱ्याच्या पुढे, बेगनास तळ्याच्या वरच्या अंगाला. तीनच तंबू. शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला फोन लावला. एका बाईने उचलला. मी म्हटलं, "लखनऊ से बोल रही हूँ, हमारे साथ कुत्ता है..."

"हाँ हाँ, मालूम है," बाई हसून म्हणाली. "अंकलजी ने अभी सब पूछ लिया. छाया है क्या, पानी के पास काँटा है क्या, भात मिलेगा क्या. एक कान कटा हुआ है ना उसका?"

मला वाटलं, हा सुहासचाच उद्योग. मला न सांगता परस्पर फोन! मी तणतणत बाहेर गेले, तर तो गाडी धूत होता. "मी कशाला फोन करू? नंबर तुझ्याकडे आहे!" तन्वीला विचारलं, तर ती म्हणाली, "मम्मा, मैं अंकल लगती हूँ क्या?"

 आम्ही कुठे जाणार हे घराबाहेर कुणालाही माहीत नव्हतं. म्हणजे कुणीतरी आमच्यावर पाळत ठेवून होतं? तन्वीने बंड्याचे फोटो टाकले होते, ते तिला सगळे काढायला लावले. दारावरची बेल वाजली की मी भोकातून बघायचे. सब्जीवाला भैया "कहीं जा रहे हैं क्या?" म्हणाला, तर त्याच्याकडेही मी संशयाने पाहिलं. जायचंच नाही, असं मी जाहीर करून टाकलं.

सुहास एवढंच म्हणाला, "बंड्याकडे बघ."

बंड्या उठायचा प्रयत्न करत होता. मागचे पाय लटपटले आणि तो पुन्हा बसला. गेलो आम्ही.

सुनौलीच्या सीमेवर कागद झाले, पाल्प्याला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी घाटात एक पांढरी गाडी बराच वेळ मागे होती. मी आरशातून नजर काढली नाही, तन्वीचा हात घट्ट धरून ठेवला. एका वळणावर ती गाडी दुसरीकडे गेली तेव्हा कुठे श्वास सोडला. बंड्या तन्वीच्या मांडीवर डोकं टाकून पडलेला. घाटभर त्याने डोळे उघडले नाहीत.

दुपारी चारला पोहोचलो. खाली तळं, वर नुसती शांतता. बाकीचे दोन्ही तंबू रिकामे. फोनवरची बाई पुढे आली, पन्नाशीची, हसरी. सगळे तिला दिदीच म्हणत. मी भांडायच्या तयारीतच उतरले. "वो अंकलजी किस टेंट में हैं?"

"वो तो नहीं आएगा बोला," दिदी म्हणाली. "बोला, तीन जन आएगा और बंड्या."

नाव मी फोनवर सांगितलं नव्हतं. सुहासने माझ्याकडे पाहिलं. गाडीत परत बसू या, असं मी म्हणणार, तेवढ्यात दिदी आत जाऊन वाडग्यात गरम भात घेऊन आली. बंड्याला सुहासने उचलून गवतावर ठेवलं होतं. ती त्याच्यासमोर बसली. वाडगा ठेवला. ओंजळीतलं पाणी वाडग्याभोवती गोल फिरवलं. आणि भाताचे चार लहान-लहान घास काढून उजव्या बाजूला जमिनीवर मांडले, एकाखाली एक.

बंड्याने डोळे उघडले. मान लांब केली. पहिला घास उचलला. मग दुसरा, तिसरा, चौथा. आणि मग त्याने वाडग्यात तोंड घातलं आणि सगळा भात संपवला. सगळा!

सुहास मटकन खाली बसला. "आप्पा," एवढंच म्हणाला.

चित्राहुती. जेवायच्या आधी ताटाभोवती पाणी फिरवून शेजारी चार घास ठेवायचे. आप्पा रोज करायचे. आणि मी त्यावरून त्यांना बोलले होते. फरशी चिकट होते, मुंग्या येतात, पुसायचं कुणी? चांगलं तोंड वाजवलं होतं मी. त्या दिवसापासून आप्पा त्यांचं ताट घेऊन मागच्या गॅलरीत जायचे, बंड्याला सोबत घ्यायचे आणि दार लावून घ्यायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारा रुसलाय. मुंग्या कधी आल्या नाहीत, कारण ते चार घास रोज कोण खात होतं ते आता कळलं. दोन महिने तो जीव त्या चार घासांची वाट बघत होता आणि मी नुसती वाडगी बदलत होते. मी तिथेच गवतात बसून ढसाढसा रडले. लाज वाटली नाही.

दिदीला विचारलं, हे कुणी शिकवलं? "अंकलजी ने. बोला, पहले ऐसा करना, नहीं तो भूखा मरेगा." तिने मला फोन दाखवला. हे सिमच तिने पावसाळा संपल्यावर घेतलं होतं, तंबूही तेव्हाच उभे केले होते. आप्पा त्याआधीच गेले होते. त्या शनिवारच्या यादीत लखनौचा एकच फोन होता, माझा. दिदी स्वतःच गोंधळली. "लेकिन मैंने तो बात किया ना..."

चार दिवस राहिलो. बंड्या रोज दोन्ही वेळ जेवला, शेवटच्या दिवशी तर तळ्याकाठी बदकांच्या मागे लागला. घास मी मांडायचे.

सुहासने नंतर खूप डोकं चालवलं. दुसरं एखादं कुटुंब असेल, कुणाची चेष्टा असेल, फोनमध्ये काहीतरी बिघाड असेल. मीही कागद शोधणारी बाई, मलाही काही सापडलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा.

पण एक सांगायचं राहिलं. निघताना दिदी मला बाजूला घेऊन म्हणाली, "एक बात बोलूँ? अंकलजी ने मना किया था. बोला, बहू को मत बताना मैंने फोन किया. गुस्सा करेगी."

नाही हो आप्पा. नाही रागावले मी.